कच्चे अंडे आणि इंग्लंडचा दाखला

कच्च्या अंड्यांच्या वादात कोणी इंग्लंडचा दाखला दिला, की मला गप्प बसवत नाही. मी इंग्लंडमध्ये राहतो, आणि माझा पुतण्या कोल्हापुरात तालमीत जातो. त्याच्या खुराकात दुधात फोडलेली कच्ची अंडी असावीत की उकडलेली, यावरून घरात दोन तट पडले आहेत. जुने पैलवान कच्चीच अंडी पीत आणि त्यांना काही झाले नाही, असे एक तट म्हणतो. दुसऱ्याला भित्रे ठरवण्यात आले आहे. त्यात दादाने मला लिहिले, ‘तुमच्याकडे गरोदर बायकांनाही कच्चे अंडे चालते म्हणे, मग आमच्याच पोटांना काय धाड भरली आहे?’

दादाचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. डिसेंबर १९८८ मध्ये एडविना करी या ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्र्यांनी देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनाला साल्मोनेला या हगवण-ताप आणणाऱ्या जंतूची लागण झाल्याचे विधान केले. अंड्यांची विक्री कोसळली, आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांना राजीनामा द्यावा लागला. १९९८ पासून तिथल्या अंड्यांवरच्या लायन (म्हणजे सिंहाच्या) शिक्क्याच्या योजनेत कोंबड्यांना साल्मोनेलाविरुद्ध लस देणे, कळपांची तपासणी करणे आणि प्रत्येक अंड्याचा माग लागेल अशी व्यवस्था ठेवणे सुरू झाले. त्यानंतरही सरकारी अन्नमानक संस्थेने ऑक्टोबर २०१७ पर्यंत वाट पाहिली, आणि मगच लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना कच्चे किंवा अर्धेकच्चे अंडे खाण्यास हरकत नाही असे जाहीर केले. ही मुभा लाल सिंहाचा शिक्का असलेल्या अंड्यांपुरतीच होती. प्रतिकारशक्ती फार क्षीण झालेल्या रुग्णांना तीतूनही वगळले होते. माझ्या मुलांना मी सकाळी पातळ बलकाचे अंडे आणि टोस्टच्या पट्ट्या निर्धास्तपणे देतो, तो या सगळ्या व्यवस्थेच्या भरवशावर.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून कागदात बांधून मिळणाऱ्या सुट्या अंड्यावर काय लिहिलेले असते? ते कोणत्या पोल्ट्रीतले आहे, कधीचे आहे, त्या कोंबड्यांना कसली लस दिली होती, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. ट्रे चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात उघड्यावर असतात, आणि उष्णतेत बलकाभोवतीचे पातळ आवरण सैल होऊन आत जंतू असल्यास त्याला वाढायला वाव मिळतो. यावर ‘मग गावठी अंडी घेऊ’ हे उत्तर ठरलेले असते. ते मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात अंगणातल्या कोंबडीवरचे प्रेम आहे, पण माहिती नाही. साल्मोनेलाचा अंड्यांतून पसरणारा प्रकार कोंबडीच्या अंडाशयात शिरतो आणि कवच तयार होण्याआधीच अंड्यात पोहोचू शकतो. कोंबडी ठणठणीत दिसते, अंड्याला वास येत नाही, कवच कितीही घासून धुतले तरी आतले जंतू जात नाहीत. उकिरड्यावर फिरणाऱ्या कोंबडीला कोण लस देतो?

जुन्या पैलवानांविषयी मला आदर आहे. खासबागेतल्या कुस्त्या पाहतच मी वाढलो, आणि मातीवरच्या त्या माणसांना कोणी अडाणी म्हटले तर मी इथेही भांडतो. परंतु बहुतेक अंड्यांत हा जंतू नसतोच, त्यामुळे कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही. ज्यांना हगवण आणि तापाने अंथरूण धरावे लागले, त्यांच्या आजाराचा दोष अंड्यावर कोणी ठेवला असेल असे वाटत नाही.

शिवाय ज्या प्रथिनांसाठी हा हट्ट आहे, तीच कच्च्या अंड्यातून कमी मिळतात. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातले सुमारे ९१ टक्के प्रथिन पचले, कच्च्यातले जेमतेम ५१ टक्के. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिन धरले, तर दहा कच्च्या अंड्यांतले निम्मे वायाच जाते. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन असते, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवते आणि शिजवल्यावर निष्प्रभ होते. पैलवानाने घाम गाळून मिळवलेली भूक अशी का दवडावी?

हे लिहिल्यावर दादाने विचारले, ‘मग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तू धारोष्ण दूध पितोस ते कसे चालते?’ प्रश्न रास्त आहे. न तापवलेल्या दुधातूनही रोग पसरतात, आणि शास्त्राच्या आधारे मला त्याचे समर्थन करता येत नाही. कोल्हापुरात आलो की मी ते पितो, कारण म्हशीची धार काढली जात असताना हातात पेला घेऊन उभा असलेल्या माणसाला तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. घरात मात्र माझ्या प्रत्येक सल्ल्याला ‘तू आता तिकडचा झालास’ हे उत्तर मिळते, आणि ते मला लागते. इतक्या लांबून अंड्यावर एवढे लिहितो, त्यामागे त्या घरात अजून माझे मत विचारले जावे ही इच्छाही आहे.

तरीही पुतण्याच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. पांढरे आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडी उकडावीत, ती दुधासोबत खुशाल खावीत, आणि गाड्यावरचे हाफ फ्राय व कच्च्या अंड्याचे मेयोनीज टाळावे. केरळने जानेवारी २०२३ मध्ये अशा मेयोनीजवर बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये. तेव्हा ही केवळ परदेशात राहणाऱ्याची भीती नाही. करवीर-हातकणंगल्याच्या पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्यांना लस टोचून, कळप तपासून, अंड्यावर तारीख आणि पोल्ट्रीचा क्रमांक छापायला सुरुवात केली, तर कच्च्या अंड्याचा विषय दादाने पुन्हा काढावा.