चिपाडाची वीज आणि बाळ्याचा मे महिना

कोपरखैरण्यात आमच्या कट्ट्यावर निम्मी मंडळी सातारा-सांगलीकडची. त्यात बसायची जागा रसवंतीसमोर, म्हणजे उसाचा विषय निघणारच. रसवंतीमागचा ढीग बघून संत्या म्हणाला, "ही चिपाडं कचऱ्यात चालली. आमच्याकडं कारखाना ह्याच्यावर वीज करून महावितरणला विकतो."

"हिरवी वीज म्हणे!" बाळ्या फिसकारला. "उसाला पाणी किती लागतं ते आधी सांग."

बाळ्याचा हा ठरलेला मुद्दा. पण ऊस लावतात साखरेसाठी, चिपाड आपसूक निघतं. पाण्यावरून भांडायचं तर उसाशी भांडावं.

संत्याचे चुलते कारखान्यात बॉयलरवर होते, त्यामुळे त्याला आतलं ठाऊक. "टनभर ऊस गाळला की 280-300 किलो बगॅस, म्हणजे हीच चिपाडं; कारखान्यात भुसा म्हणतात. पण मुठीत धर, हाताला ओल लागते. शेवटच्या मिलपर्यंत पाणी मारत साखर काढतात, म्हणून निम्मं वजन पाण्याचंच. तसाच बॉयलरमध्ये जातो." पुढचं त्यानं सांगितलं ते मला फार आवडलं. पूर्वी उरलेला भुसा ठेवायचा कुठं हीच पंचाईत, म्हणून बॉयलर कसा का असेना, भुसा संपला की झालं. वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम 21 किलो. आता 67, 87, कुठं कुठं 110. भुसा तेवढाच, वीज कितीतरी जास्त. शिवाय टर्बाइन फिरवून आलेली वाफ वाया जात नाही, तिच्यावरच रस आटवतात.

"बरं, मे महिन्यात काय करता?" बाळ्यानं नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं. "आपल्याकडं एसी धडाधड चालू, आणि तुझा कारखाना पट्टा पडून, गाळप हंगाम संपून बंद!"

संत्या गडबडला. भुसा साठवता येतो, पण गंजीला आग लागायची भीती, पावसात भिजला तर वेगळीच कटकट. तेव्हा अण्णा मध्ये पडले. "अरे, रब्बीचे पंप थंडीतच चालतात ना? गाळपही तेव्हाच."

"सोलर स्वस्त पडतं, अण्णा."

"रात्री पडतं का? कारखाना रात्रंदिवस चालतो."

मला विचाराल तर खरी रडकथा दराची आहे. विकलेल्या विजेच्या युनिटला परवडेल एवढा भाव मिळेना तर कारखानदार नवा बॉयलर कशाला घालेल? हे मी बोललोही, पण तोवर बाळ्या पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यावर घसरला होता. शेतात पेटवतात ते पाचट कारखान्यात का जाळत नाहीत?

"त्यात पोटॅश जास्त. राख वितळून बॉयलरच्या नळ्यांना चिकटते," संत्या म्हणाला. "त्यापेक्षा सरीतच कुजवावं."

"मग पेटवतात का?"

"तोडणीवाल्यांना विचार!"