लायनफिशला रोज गोल्डफिश घाला म्हणे! त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा

तो मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, कोणी रील करून टाकलाय तर कोणी नुसता टेक्स्ट पुढे ढकलतोय. म्हणणं थोडक्यात असं की लायनफिश (विषारी काट्यांचा समुद्री मासा) म्हणजे मरीन टँकमधला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीतला, सगळ्यात सोपा मासा, दोन फुटी टाकीत मजेत राहतो, जिवंत मासेच खातो म्हणून रोज दोन-तीन गोल्डफिश नाहीतर गप्पी सोडायचे, मागेल तेवढं द्यायचं, स्वभावाने शांत म्हणून कोणाहीसोबत ठेवा, काटा लागला तर बर्फ लावा, आणि कंटाळा आला तर समुद्रात सोडा कारण आपल्याच समुद्रातला आहे.

यात बरोबर एवढंच की मासा चिवट आहे. बाकीच्या नाजूक मरीन माशांच्या मानाने हा खरंच बरंच सहन करतो. पण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण चुकीचं खाऊन पण तो महिनोन् महिने तग धरतो, अंगावर काही दिसत नाही, आणि मालक छातीठोकपणे सांगत सुटतो की बघा, माझा तर गोल्डफिशवर मस्त चाललाय. मग एक दिवस खाणं सोडतो आणि आठवड्याभरात जातो, तेव्हा दोष दुकानदाराला नाहीतर टाकीतल्या मिठाला.

आता गोल्डफिशचंच बघू. त्याच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी१ मोडून टाकतं. रोज तेच पोटात गेलं की लायनफिशला बी१ कमी पडायला लागतं, भूक मरते, तोल जातो, पुढे झटके पण येतात. वर गोड्या पाण्यातल्या माशाची चरबी वेगळी असते, समुद्रातल्या शिकारी माशाला जे ओमेगा-३ लागतं ते त्यात फारसं नसतं, आणि नको ती चरबी लिव्हरमध्ये साठत जाते. गप्पीची एवढी भीती नाही, पण दुकानातला उपाशी गप्पी म्हणजे नुसतं कातडं, त्यातून मिळणार काय? आणि न खाल्लेला गोल्डफिश खाऱ्या पाण्यात मरून दगडामागे अडकला, कुजला, की पाण्यात विषारी अमोनिया वाढलाच म्हणून समजा.

"पण तो मेलेलं खातच नाही!" हे तर अगदी ठामपणे लिहिलंय. अहो, त्याला जिवंत-मेलेलं कळत नाही, त्याला हललेलं कळतं. दुकानातून आणलेला नवीन मासा पहिले काही दिवस तळाला पडलेल्या कोळंबीकडे ढुंकून बघत नाही हे खरंय. तेव्हा सुरुवात जिवंत घोस्ट श्रिंपने (बारीक पारदर्शक कोळंबी) करा, किंवा हळूहळू खाऱ्या पाण्याची सवय करून दिलेल्या मॉली माशाने, सोडायच्या आधी त्यांना चांगलं खाऊ घालून. मग काठी. ॲक्रिलिकची लांब पारदर्शक काठी घ्यायची, टोक बोथट, त्यावर कोळंबीचा तुकडा सैलसर खोचायचा आणि पाण्यात थोडा थोडा थरथरवायचा, त्याच्या तोंडावर नेऊन आदळायचा नाही. तो बघतो. दोन्ही बाजूचे मोठे पंख पसरून अगदी सावकाश पुढे येतो, नजर तुकड्यावर, कधी कधी तोंडाने पाण्याची धार मारतो (समुद्रातही मारतो, त्याने भक्ष्य त्याच्याकडे तोंड फिरवतं आणि डोक्याकडून गिळायला सोपं जातं) आणि मग एकदम गप्पकन्, तुकडा गायब, तुमच्या हातात नुसती काठी. पहिल्या दिवशी नाही घेतलं तर तुकडा काढून टाका, दुसऱ्या दिवशी परत. धडधाकट मासा थोडा उपाशी राहिला म्हणून लगेच मरत नाही, तांबड्या समुद्रातले लायनफिश १२ आठवड्यांहून जास्त उपाशी राहून जगल्याची नोंद आहे. अर्थात तुम्ही तो प्रयोग घरी करू नका, आणि आधीच खंगलेल्या माशाला तर मुळीच ताटकळवू नका.

खायला काय? आपल्याकडे किनारपट्टीला तर चैन आहे. कोळंबी, माकूळ, तिसऱ्यांचा गर, पांढऱ्या माशाच्या पातळ पट्ट्या. सगळं कच्चं, आणि हो, घरात सांगून ठेवा की त्या डब्याला मीठ-हळद लावायची नाही! आधी फ्रीझ करायचं, मग लागेल तेवढंच टाकीतल्या पाण्यात वितळवून द्यायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. अधूनमधून व्हिटॅमिनचे थेंब. आणि एकाच गोष्टीवर ठेवू नका, नुसती कोळंबी वर्षभर दिली तरी तो एकांगी आहारच झाला, थायमिनेज काही समुद्री खाण्यात पण असतं.

"मागेल तेवढं द्या." हा मासा कायमच मागतो हो! काचेजवळ माणूस दिसला की पंख फुलवून वर येतो, त्याला भूक म्हणायचं तर दिवसाला दहा वेळा जेवण होईल. समुद्रात मिळेल तेव्हा ठासून घ्यायचं अशी त्याची घडण, पोट ३० पटींपर्यंत ताणतं. अटलांटिकमध्ये जिथे खाणं भरपूर सापडलं तिथले समुद्रातले लायनफिश पण आत चरबीने भरलेले निघालेत. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरतं, पिल्लाला एक दिवसाआड, घास त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा धरा. पोट थोडं गोल दिसलं की थांबा.

टाकीबद्दल फार लिहीत नाही, गणितच करा. २ बाय १ बाय १ फूट म्हणजे जेमतेम ५६ लिटर. क्रॉफर्ड मार्केटला दिसतं ते बोटाएवढं पिल्लू जर व्होलिटान्स या मोठ्या जातीचं असेल तर ते फूटभराच्या वर जाणार, त्याला ४ बाय २ बाय २ म्हणजे साधारण ४५० लिटर पाहिजे, वर दमदार प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), कारण मांस खाणारा मासा घाणही तशीच करतो. जागा नसेल तर ड्वार्फ जाती आहेत, झेब्रा किंवा फझी, ६-७ इंचांवर थांबतात, तीन फुटी टाकीत भागतं. तीच खरी फ्लॅटमधली सोय.

शांत? शांत आहेच, कोणाच्या मागे पळत नाही, मारामारी नाही. फक्त तोंडात मावेल तो मासा गिळतो, आणि ते तोंड बंद असताना दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं असतं. रात्री क्लाउनफिश होता, सकाळी नाही, आणि लोक टाकीच्या मागे फरशीवर शोधत बसतात. क्लीनर श्रिंप नावाची कोळंबी पण जेवणच. उलट ट्रिगरसारखे मासे याचेच पंख कुरतडतात. मोठे टँग, रॅबिटफिश, सोल्जरफिश चालतात. कोरलला मात्र तो तोंड लावत नाही.

आता बर्फ. हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला, कारण बाकीच्या चुकांत मासा मरतो, इथे माणूस तळमळतो. पाठीवर १३, पोटाखाली २, शेपटीच्या अलीकडे खाली ३, असे १८ विषारी काटे. छातीचे ते झुपकेदार पंख विषारी नसतात, लोक घाबरतात नेमके त्यांनाच. विष प्रोटीनचं आहे आणि उष्णतेने निकामी होतं, म्हणून गरम पाणी लागतं. सोसवेल इतकं गरम, ४५ डिग्रीच्या वर नाही, ३० ते ९० मिनिटं. पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्या, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि श्वास लागला, चक्कर आली, सूज पसरायला लागली तर पाणीबिणी सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा. हात घट्ट बांधून ठेवू नका. तो धावून येऊन टोचत नाही, टोचतं ते आपण टाकीत हात घालून काच पुसताना, म्हणून आधी तो कुठे आहे ते बघायचं. पकडताना जाळी नको, काटे अडकतात, डब्यात हाकून घ्या. मेलेल्याचे काटे पण टोचतात, टाकून देताना सांभाळून.

राहिला समुद्र. लायनफिश आपल्या किनाऱ्यावर आहेत, मान्य. पण दुकानातला कुठल्या समुद्रातून आला, कुठल्या टाक्यांमधून काय रोग घेऊन आला ते ना तुम्हाला माहीत ना दुकानदाराला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा मुळात नव्हताच, १९८५ साली पहिला सापडला (१९९२ च्या वादळात टाकी फुटली आणि तिथून सगळं सुरू झालं ही गोष्ट पण फिरते, तारखा बघा, तो त्याच्या ७ वर्षं आधीच तिथे होता), लोकांनी घरच्या टाकीतले सोडले असावेत असंच तिथले अभ्यासक मानतात, आणि आज कॅरिबियनभर भाले घेऊन लोक त्याच्या मागे आहेत. नकोसा झाला तर ज्याच्याकडे मोठी टाकी आहे अशा कोणाला द्या, बरेच दुकानदार पण परत घेतात, पैसे मात्र मिळतील असं धरून चालू नका.