संदर्भसूची आधी, शोधनिबंध सवडीने

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प यंदा आपल्या वाट्याला आले असतील, तर प्राध्यापक महोदय, मुळीच घाबरू नये. विद्यार्थ्यांना शोधनिबंध लिहायला शिकवणे अवघड आहे खरे; पण ते न शिकवताही प्रकल्प वेळेत बांधून येतात, हे मी सांगलीत अनेक वर्षे पाहत आलो आहे.

विषय शोधण्यात वेळ दवडू नये. गाव सांगली असल्याने हळद तयारच आहे, त्यातून 2018 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ‘सांगलीच्या हळद व्यापाराचा चिकित्सक अभ्यास’ एवढे शीर्षक दिले की निम्मे काम झाले. चिकित्सा मजकुरात नसली तरी चालते, मुखपृष्ठावर मात्र असावी लागते.

त्यानंतर संदर्भसूची करून घ्यावी. लिहिताना जे वाचले त्याची नोंद म्हणजे संदर्भसूची, हा गैरसमज विद्यार्थ्याच्या मनात रुजू देऊ नये. ती मागच्या वर्षीच्या प्रकल्पातून घ्यायची असते. एकाने चुकीचे टंकलेले प्रकाशनवर्ष पुढच्या तुकड्या इमानाने जपतात, आणि या निष्ठेलाच काही महाविद्यालयांत संशोधनाची परंपरा म्हणतात. वाक्यावाक्याला लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक देण्याची सवय तर लावूच नये, कारण त्यामुळे कोणते विधान कोठून आले हे वाचणाऱ्याला तपासता येते, आणि असा विद्यार्थी एखाद्या दिवशी आपल्याच टिपणांबद्दल तोच प्रश्न विचारतो.

सूचीला वजन यावे म्हणून एखादे जुने गॅझेटियर घालावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड 1885 सालचा आहे; विद्यार्थ्याने तो ‘सांगली जिल्हा गॅझेटियर, 1885’ असा लिहिला तरी लाल शाई वापरू नये. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 साली झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 साली मिळाले, हे खरे. पण एवढी चूक लक्षात येण्यासाठी कोणीतरी तो खंड हातात घ्यावा लागतो, आणि ग्रंथालयातल्या त्या कपाटाची किल्ली मागितली की सगळा कर्मचारीवर्ग आपल्याकडे संशयाने पाहू लागतो.

हल्ली चॅटजीपीटीकडून पाहिजे तितके संदर्भ मिळतात, त्यांतले काही ग्रंथ तर अजून कोणी लिहिलेलेही नसतात. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दोन वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यापायी 5,000 डॉलरचा दंड झाला. कारण विरुद्ध बाजूच्या वकिलांनी ते निवाडे शोधून पाहिले. आपल्या तोंडी परीक्षेत विरुद्ध बाजूच नसते. समोर बसलेले सर आपले स्नेही असतात, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा आपल्यालाच घ्यायची असते.

वाङ्मयचौर्याचीही धास्ती नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तेवढे उचलणे हा आपला हक्कच आहे, असा अर्थ मुलांनी केव्हाच लावला आहे. त्यापुढे गेल्यास ‘हळद’च्या जागी ‘हरिद्रा’ आणि ‘नदीकाठ’च्या जागी ‘सरितातट’ करावे. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असेल तर तेही कष्ट नकोत, कारण संगणकाच्या लेखी ती मराठी नसून रोमन अक्षरांची खिचडी असते आणि तिच्याशी जगातले काहीच जुळत नाही. अवतरणचिन्हांत देऊन मूळ लेखकाचा रीतसर उल्लेख केलेला मजकूर या मोजणीतून वगळला जातो, हे मात्र वर्गात बोलू नये. इतका सोपा मार्ग कळला तर मुले अभ्यासाला लागतील.

एवढी काळजी घेऊनही एखादी मुलगी हाताबाहेर जातेच. माझ्याकडची एक जण कोणालाही न विचारता हरिपूरला गेली. तिथे जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवत असत. ज्यांच्या घरची पेवे होती अशा एका आजोबांसमोर ती दोन तास बसली, पेवात उतरण्याआधी आतली हवा कशी पाहत आणि 2005 च्या महापुरात काय झाले ते तिने त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले, आणि खाली त्यांचे नाव, गाव व मुलाखतीची तारीख लिहिली. साठ पानांत कोठून आले ते सांगता येईल असे तेवढेच दीड पान होते. अशा वेळी कचरू नये. ‘हे कोणत्या पुस्तकात आहे?’ असे विचारावे, आणि उत्तर आले नाही की ते दीड पान काढून टाकावे. मोकळ्या राहिलेल्या जागेत हळदीचे एक रंगीत छायाचित्र बसते. त्याखाली ‘संदर्भ : गूगल’ असे लिहून घ्यावे.