दादा, मीही बाहेरचीच

मी राहते जर्मनीत, कोलोनला. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला होते. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीची सभा नेमकी त्याच दिवसांत आली. बी विंगमधला एक फ्लॅट माझ्या नावावर आहे, म्हणून मीही जाऊन बसले. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर चहाचा थर्मास, आणि टँकरच्या बिलानंतरचा विषय: महिलांची सुरक्षितता. ठराव दोन होते. परप्रांतीय एकट्या पुरुषांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. भाड्याने राहणाऱ्या मुलींनी रात्री दहाच्या आत घरी यायचं. ठराव वाचला जात असतानाच सी विंगमधली एक मुलगी पाठीला लॅपटॉपची बॅग लावून गेटमधून आत आली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या आणि ती भिंतीच्या कडेकडेने लिफ्टपर्यंत गेली. लातूरची आहे म्हणे, हिंजवडीला कामाला.

मग कमिटीत असलेला माझा मावसभाऊ उठला. "हिलाच विचारा," माझ्याकडे हात करून म्हणाला. "युरोपने दारं उघडली आणि काय झालं? हिच्या कोलोनमध्ये बायकांचं काय झालं ते सगळ्या जगाने बघितलं."

मी काहीच बोलले नाही. हात वर झाले, ठराव मंजूर झाले. तेव्हा गप्प बसले याचा राग अजून जात नाही.

दादा, कोलोनमध्ये काय झालं ते मला ठाऊक आहे. ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुलीला ताप होता म्हणून आम्ही एरेनफेल्डला घरीच होतो, नाहीतर दरवर्षीसारखे फटाके बघायला डोमपाशीच, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चपाशीच, गेलो असतो. स्टेशन आणि डोमच्या मधल्या त्या चौकात शेकडो बायकांना घेरलं, चाचपलं, लुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी निवेदन काढलं की रात्र बहुतांशी शांततेत गेली. मग तक्रारी येत गेल्या आणि आकडा हजाराच्या वर गेला. संशयितांमध्ये अल्जीरिया आणि मोरोक्कोहून आलेले पुष्कळ होते. हे सगळं खरं आहे. माझ्या ऑफिसातल्या दोघींनी पुढे कितीतरी महिने रात्री ते स्टेशन टाळलं.

पण तुझी गोष्ट इथेच संपते आणि माझं शहर पुढे चालू राहतं. त्या वेळच्या महापौर हेन्रिएटे रेकर यांना अडीच महिने आधीच, निवडणुकीच्या आदल्या दिवशी, निर्वासितांच्या बाजूने बोलतात म्हणून एकाने गळ्यावर सुरा मारला होता. मारणारा जर्मनच होता. त्याच बाईंनी जानेवारीत मुलींना सल्ला दिला की अनोळखी माणसापासून हातभर अंतर ठेवा. सगळा देश त्यांच्यावर तुटून पडला, आणि पडायलाच हवा होता. त्या रागाचा पुढे एक उपयोग झाला. तोवर इथल्या कायद्यात बाईने नुसतं 'नाही' म्हणणं पुरत नव्हतं. जबरदस्ती, धमकी किंवा तिची असहाय स्थिती सिद्ध करावी लागे. महिला वकील कित्येक वर्षं हे बदला म्हणून सांगत होत्या. २०१६ च्या जुलैत 'नाही म्हणजे नाही' हे तत्त्व बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, एकमताने मंजूर झालं. त्याच कायद्याने परदेशी गुन्हेगाराची हकालपट्टीही सोपी केली, तेही सांगते. पण 'नाही'चा अर्थ बदलला तो सगळ्याच पुरुषांसाठी, जर्मन नवऱ्यांसकट.

आणि आपल्याकडे? २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेट डेपोत, उभ्या शिवशाही बसमध्ये एका मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार आली. समोरच्या रस्त्यावर पोलीस चौकी. आपले गृहराज्यमंत्री म्हणाले, झटापट झाली नाही म्हणून आजूबाजूच्या कुणाला कळलं नाही. हे आणि ते 'हातभर अंतर' एकाच माळेचे मणी आहेत. त्या प्रकरणातला आरोपी कुठला होता, दादा? शिरूर तालुक्यातला. आपल्याच जिल्ह्यातला, आपलीच भाषा बोलणारा. तू मंजूर करून घेतलेल्या ठरावाने त्याला अडवलं नसतं. अडकली असती ती पहाटेची बस पकडायला निघालेली मुलगी.

तुझ्यासारखं बोलणारे इथेही आहेत, अगदी वरपर्यंत. २०२५ च्या ऑक्टोबरात चॅन्सलर मेर्झ शहरांच्या चेहऱ्याबद्दल आणि स्थलांतराबद्दल बोलले, आणि म्हणायचं काय होतं असं विचारल्यावर म्हणाले, तुमच्या मुलींना विचारा. त्यावर बायका रस्त्यावर उतरल्या: मुली आम्ही आहोत, आमच्या नावाने बोलू नका. १९९७ मध्ये नवऱ्याने केलेला बलात्कार इथे गुन्हा ठरला, तेव्हा त्या विधेयकाच्या विरोधात मत देणाऱ्या खासदारांमध्ये हेच मेर्झ होते. नंतर ते म्हणाले की आज मत वेगळं दिलं असतं. बरं झालं. आपल्या नव्या न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या, नवऱ्याला ती सूट अजून तशीच आहे. ती काढा म्हणून कुठल्या सोसायटीने ठराव केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आकडे काही लपलेले नाहीत. २०२३ मध्ये जर्मनीत पोलिसांकडे घरगुती हिंसेच्या २,५६,२७६ बळींची नोंद झाली, त्यात सत्तर टक्के बायका. भारतात २०२२ मध्ये महिलांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, जवळपास एक तृतीयांश, नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा होता. बलात्कारातही नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीतले असतात. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा आहे. घरात कुठे आहे?

मला पुण्याचा अभिमान आहे, आणि इथे कुणी भारताबद्दल नाक मुरडलं की मी भांडते. पश्चिम जर्मनीच्या कायद्यात १९७७ पर्यंत लिहिलेलं होतं की बायकोने नोकरी करायची ती संसाराच्या कर्तव्यांत बसत असेल तरच. आमच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा १८४८ ची, हे मी इथल्या बायकांना कितीदा ऐकवलंय! पण तोच अभिमान पार्किंगमध्ये बसल्या बसल्या मला टोचत राहिला. सावित्रीबाईंवर शेण फेकणारे बाहेरून आले नव्हते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला पुण्यातून विरोध झाला तोही याच सुरात, की परक्या सरकारने आमच्या घरात लक्ष घालू नये. आणि आपण बसलो होतो ती जागा म्हणजे जुनं हिंगणं. विधवेशी लग्न केलं म्हणून ज्यांना मुरुडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकलं, त्या कर्व्यांनी कोकणातून येऊन तिथे विधवांसाठी आश्रम बांधला. त्यांच्या नावाच्या उपनगरात आपण एकट्या मुलींना दहाची वेळ ठरवून दिली.

इतकं सगळं मला सभेत बोलता आलं असतं. का बोलले नाही, ते आता सांगते.

जानेवारी २०१६ मध्ये, त्या रात्रीनंतर आठवडाभराने, शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या. त्यांनी काही विचारलंही नव्हतं. मीच आपण होऊन म्हटलं, आम्ही भारतीय तसे नाही, माझा नवरा इंजिनिअर आहे, उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या ब्लू कार्ड परवान्यावर आलोय. ट्राममध्ये कुणी सावळी, दाढीवाली मुलं शेजारी बसली की मी जागा बदलत होते, आणि माझ्या सावळ्या नवऱ्याशेजारची जागा कुणी बदलली की मला रडू येत होतं.

मग २०१९ चा गणपती. मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलच्या किचनमध्ये आम्ही सातआठ जणी मोदक करत होतो. त्यातली एकजण माझ्या शेजारी उकड मळत होती, एकाच हाताने. डावा हात ओट्याखाली धरलेला. मी म्हटलं, अगं दोन्ही हातांनी मळ, गुठळ्या राहतील. तिने हात वर घेतला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. नवरा आमच्या ओळखीतला, मंडळाचा उत्साही कार्यकर्ता, आरतीला टाळ वाजवणारा.

मी तिला पहिला प्रश्न कुठला विचारला? "इथे येऊन किती झालं?" "दोन वर्षं चार महिने." मी म्हटलं, "अजून आठ महिने काढ. तीन वर्षं झाली की कागद तुझ्या एकटीच्या नावावर होतील."

मला वाटलं, मी शहाणपणाचं सांगतेय. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बाईला स्वतंत्र राहण्याचा हक्क तीन वर्षांनी मिळतो, हे खरं आहे. पण छळ होत असेल तर तीन वर्षं थांबायची गरज नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. मला माहीत नव्हतं आणि मी शोधलंही नाही. ०८००० ११६ ०१६ (आता नुसता ११६ ०१६) हा छळ होणाऱ्या बायकांच्या मदतीचा, चोवीस तास चालणारा नंबर ट्राममध्ये माझ्या डोक्यावरच चिकटवलेला असायचा. मंडळातल्या एका काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बाहेर जाऊ देऊ नका, इथे आपलं नाव चांगलं आहे. मला ते पटलं. आमच्या माणसाच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली की आम्हीही 'त्यांच्यातले' होणार, ही माझी भीती होती. तिच्या मनगटापेक्षा ती मला मोठी वाटली.

शेवटी तिच्या मुलीच्या किटातल्या, म्हणजे पाळणाघरातल्या, बाईंनी हात बघितला आणि नंबर फिरवला. दोन तासांत मायलेकी फ्राउएनहाउसमध्ये, छळातून सुटलेल्या बायकांच्या आसरागृहात, होत्या. मला महिन्याभराने कळलं.

म्हणून तू कोलोनचं नाव काढलंस तेव्हा माझं तोंड उघडलं नाही, दादा. बाहेरच्यांकडे बोट दाखवून घरच्याला झाकायचं, हे मीच करून बसले होते, आणि तेही स्वतः बाहेरची असताना. इथे मी बाहेरची आहेच. तुमच्या सभेतही आता पाहुणीच. आणि आपले आजोबा तरी कुठले पुण्याचे? वाईहून एक ट्रंक घेऊन खडकीच्या कारखान्यात आलेले, आणि पहिली दोन वर्षं त्यांनाही कुणी खोली देत नव्हतं, हे तू माझ्याइतकंच ऐकलंयस.

ती आता पुण्यात आहे. घटस्फोट झाला, मुलगी दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. कर्वेनगर, वारजे, कोथरूड सगळं पालथं घातलं, म्हणाली. एजंट पहिलं विचारतो, मिस्टर काय करतात, आणि मग फॅमिलीलाच द्यायचाय म्हणतो. "ताई, तुमच्या सोसायटीत काही आहे का?"

माझे भाडेकरू मार्चअखेर जाताहेत. १ एप्रिलपासून भाडेकरार तिच्या नावाने होईल. तिची दुसरी शिफ्ट असते, घरी यायला साडेअकरा होतात. वॉचमनला तेवढं सांगून ठेव.