कमी पाडली म्हणून नाही, वितळवली म्हणून

१८३४ आधीची अमेरिकन सोन्याची नाणी दुर्मिळ का, तर ती पाडलीच कमी, असं जुन्या नाण्यांवरच्या एका लेखात म्हटलंय, पण हे अर्धंच खरं आहे. १८२२ चं पाच डॉलरचं नाणं बघा ना, टांकसाळीच्या नोंदीत १७,७९६ आणि आज माहीत असलेली फक्त ३, त्यातली २ अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात, तिसरं २०२१ च्या लिलावात ८४ लाख डॉलरला गेलं. उलट १८१५ ची पाडलीच ६३५, तरी त्यातली दहा-अकरा टिकलीत! मग बाकीची गेली कुठे? अमेरिकेच्या कायद्यात सोन्याचा भाव चांदीच्या १५ पट धरलेला, युरोपात त्याहून जास्त मिळायचा, म्हणून व्यापारी नाणी जहाजाने तिकडे पाठवायचे आणि ती सरळ मुशीत जायची. १८३४ ला नाण्यातलं सोनं कमी केलं तेव्हा कुठे हे थांबलं.

आणि ओरखडे दिसले की नाणं घेऊच नका हा लेखातला सल्लाही सरसकट नका देऊ प्लीज. इथे एका कॉइन शोमध्ये १७९५ चं नाणं भिंगाखाली बघितलं, त्यावर बारीक समांतर रेघा होत्या, त्या टांकसाळीतल्याच, नाण्याची कोरी चकती वजनाला जास्त भरली की छाप मारायच्या आधी कानशीने घासायचे. नंतर कुणीतरी घासूनपुसून चकाकवलेलं नाणं मात्र खरंच टाळा.