सिस्टर, सोबत आलेल्या बाईलाही खुर्ची द्या

स्किझोफ्रेनियाच्या (भास, संशय होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराच्या) पेशंटला निपाणी, चिकोडी, खानापूरहून दवाखान्यात घेऊन येणारं माणूस बहुतेक वेळा आई नाहीतर बायको असते. ती दाराशी उभी असते. निघताना तिला एकच वाक्य मिळतं, ‘गोळ्या चुकवू नका.’ सायकियाट्रीच्या नर्सेसनी हे वाक्य आता बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चुकवू नका हे तिला ठाऊकच असतं. पेशंट गोळी थुंकतो, जिभेखाली धरतो, ‘मला काय झालंय?’ म्हणून ताट भिरकावतो, तेव्हा काय करायचं ते कुणी सांगत नाही.

सुरुवात पिशवीपासून करा. तिच्या हातातली औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा आणि गोळ्या मोजा. रोज एक अशा ३० दिल्या होत्या, २८ दिवसांनी आली, तर २ उरायला हव्यात. ११ निघाल्या तर रागावू नका, कुठली वेळ चुकते ते विचारा. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. बरीच घरं बेळगावलाही दाखवतात आणि मिरज-कोल्हापूरलाही. औषध तेच, कंपनीचं नाव वेगळं, आणि पोरगा दोन्ही घेतोय! मग दिवसभर झोप, लाळ, अंग ताठ. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचायला तिला तिथंच शिकवा.

चहात, आमटीत गोळी चुरून घालणं घरोघरी चालतं. विचाराल तरच कबूल करतील. एकदा त्याला कळलं की ‘विष घालताहेत’ हा त्याचा संशय पक्का होतो आणि तो घरचं जेवणच सोडतो. अशा वेळी २ ते ४ आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल त्याच्याशी आणि डॉक्टरांशी बोलायला हवं.

क्लोझापिन (बाकीच्या औषधांनी फरक पडला नाही की देतात ते औषध) चालू असेल तर सिस्टरनं जरा जास्त वेळ द्यावा. या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. ताप आला, घसा दुखला तर मेडिकलमधून गोळी आणून गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस आपल्या मनानं सुरू करायचा नाही, डॉक्टर कमी मात्रेपासून पुन्हा चढवतात. शौचाला किती दिवसांनी होते, हे लाज न बाळगता विचारा. या औषधानं होणारा बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतो. निपाणीच्या पट्ट्यात विडीचंही विचाराच. विडीच्या धुरानं क्लोझापिनची रक्तातली पातळी उतरते. तंबाखू मळून खाल्ली तर तसं होत नाही, कारण हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा आहे. म्हणून विडी एकदम सुटली की तोच डोस जड होतो.

‘एवढा धडधाकट आहे, शेतात का जात नाही?’ हा टोमणा घरात रोजचा. आंघोळ न करणं, गप्प पडून राहणं हा आळस नसून आजाराचाच भाग आहे, हे बापाला समजावणं आईपेक्षा सिस्टरला सोपं जातं. सततची टीका आणि सतत पाठीमागे लागणं, दोन्हीनं आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. ‘आंघोळ कर, जेव, दुकानातून साखर आण’ असं एका दमात नको, एका वेळी एकच काम सांगायचं.

भाषेचं काय? सिस्टर कन्नडमध्ये सांगते, चिठ्ठी इंग्रजीत, आणि बाई ‘आयतु, आयतु’ (बरं, बरं) म्हणत मान डोलावते. बाहेर येऊन मेडिकलवाल्याला विचारते, ‘ही कधी द्यायची?’ म्हणून ‘कळलं का?’ असं विचारू नका, ‘घरी गेल्यावर कशा देणार, मला सांगा’ म्हणा. पाकिटावर सूर्य-चंद्र काढा. झोप उडणं, एकटंच पुटपुटणं, संशय, जेवण टाळणं, ही आजार उलटण्याआधी त्याच्यात दिसणारी लक्षणं मराठीत एका कागदावर लिहून द्या. दोन दिसली की तारखेची वाट न बघता यायचं.

‘पेशंटची माहिती देता येत नाही’ हे बहुतेक वेळा खरं. पण तिचं ऐकून घ्यायला आणि आजार समजावून सांगायला कुठलाच नियम आडवा येत नाही.

शेवटी तिला विचारा, ‘तुम्ही किती तास झोपता? तुमचं बीपी कधी बघितलं?’ तो मरणाच्या गोष्टी बोलतो का, हेही सरळ विचारा. घरात फवारणीचं औषध असेल तर आजच कुलपात टाकायला सांगा. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर १४४१६. तो तिच्या मोबाईलमध्ये सिस्टरनंच सेव्ह करून द्यावा, मराठीत नाव घालून.