ज्वारीच्या भाकरीपुढे 'ग्लूटेनमुक्त' का लिहीत नाही: एका तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार पूर्ण वाचली. रविवारी दुपारी तुम्ही घरचे सगळे जेवायला आलात. मुलीला सीलिअ‍ॅक हा गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन अजिबात न चालण्याचा आजार आहे, आणि आमच्या मेन्यूत 'ग्लूटेनमुक्त' ही खूण फक्त डाएट कोला आणि बाटलीबंद पाण्यापुढे दिसली. ज्वारीच्या भाकरीची खात्री द्यायला वाढप्याने नकार दिला. मुलीने मग डाएट कोला मागितला, तर 'हा लहान मुलांसाठी नाही' असं तो म्हणाला. 'इथे खरं अन्न चालत नाही, केमिकल चालतं' असं लिहून तुम्ही एक तारा दिलात. लेकराला उपाशी परत न्यावं लागलं तर कुठल्याही आईचा संताप होईल. पण वाढपी जे बोलला ते माझ्याच सांगण्यावरून, म्हणून उत्तर मी देते.

ज्वारीत ग्लूटेन नसतं, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. तांदूळ, बाजरी, नाचणीतही ते नसतं. गहू, जव आणि राय या धान्यांत असतं. पण आमची ज्वारी गिरणीत दळली जाते आणि त्याच जात्यात तिच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. त्यांचं पीठ आमच्या पिठात येतंच. पुढे स्वयंपाकघरात एकीकडे पोळ्या लाटणं चालू असतं, पिठी उडत असते. पोळीचा तवा रिकामा झाला की त्यावरच भाकरी पडते. थालिपिठाच्या भाजणीत आम्ही गहू घालतो. साबुदाणा वडा ज्या कढईत तळतो, तिच्यात सकाळी मैद्याच्या कचोऱ्या तळलेल्या असतात. आणि ज्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही तो हिंग: बाजारातल्या पुष्कळ हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तो आमच्या आमटीत आहे, मसाला ताकातही आहे. घरी आणता त्या हिंगाच्या डबीवरचे घटकही एकदा वाचा, ही मनापासून विनंती.

आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार 'ग्लूटेनमुक्त' म्हणायचं तर एका किलोत 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. चिमूटभर कणकेनेही ही मर्यादा ओलांडली जाते. गहू आवडत नाही किंवा वजनासाठी सोडलाय, अशा गिऱ्हाइकाला आम्ही भाकरी आनंदाने वाढतो. सीलिअ‍ॅकची गोष्ट वेगळी. तिथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. पोट दुखलं नाही तरी आतून इजा होत राहते, मुलांची वाढ खुंटते, रक्त कमी होतं. आयुष्यभर ग्लूटेन टाळणं हाच त्यावरचा उपाय. अशा मुलीला 'काही होत नाही, खा' म्हणण्याची माझी हिंमत नाही.

आता डाएट कोला. तो कॅन बंद होऊन येतो, आमच्या पिठाशी त्याचा संबंध येत नाही. आम्ही ठेवतो त्या कोलात अ‍ॅस्पार्टेम, अ‍ॅसिसल्फेम पोटॅशियम (ही दोन्ही कृत्रिम गोडीसाठी), कॅरॅमल रंग, फॉस्फोरिक आम्ल, कॅफीन आहे. गहू किंवा जव नाही. त्या खुणेचा अर्थ एवढाच. ती खूण म्हणजे 'प्रकृतीला चांगलं' नव्हे, आणि यापुढे मेन्यूत हे वाक्यही छापणार आहोत.

लहान मुलांबद्दल वाढपी जे म्हणाला ते कॅनवरच छापलेलं आहे: कृत्रिम गोडी असलेलं पेय मुलांसाठी शिफारस केलेलं नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम घेऊ नये, अशीही सूचना तिथेच आहे. त्याने कॅन नाकारला नाही, सूचना सांगितली, आणि ती तो यापुढेही सांगेल. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीवर विसंबू नका, असा सल्ला दिला. त्याच वर्षी जुलैत अ‍ॅस्पार्टेम 'कर्करोगाची शक्यता' या गटात गेलं, पण पुरावा मर्यादित होता आणि शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 40 मिलीग्रॅम ही जुनी मर्यादा तशीच ठेवली गेली. म्हणजे कधीतरी एक कॅन प्यायलात म्हणून घाबरायचं कारण नाही. मधुमेही माणसाने साध्या कोलाऐवजी तो घेतला तर तीसेक ग्रॅम साखर वाचते, हेही खरं. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीचं जेवण म्हणून तो पुढे करणं मला पटत नाही.

वेगळी गिरणी, वेगळा ओटा, वेगळी भांडी एवढं सगळं आमच्या जागेत बसत नाही, म्हणून तसं आश्वासन देत नाही. पुढच्या वेळी लेकीचा डबा आणि ताट-वाटी घरून घेऊन या. बाहेरचं आणू नये ही पाटी तिच्यासाठी नाही. तिचा डबा आमच्या तव्यावर गरम करू देणार नाही. त्यासाठी गरम पाण्याचं पातेलं देऊ, त्यात डबा बंदच ठेवायचा. कोपऱ्यातलं टेबल आधी पुसून ठेवू, तेवढा निघताना एक फोन करा.